आठ किलोबाइटची उतरंड: लिनक्स कर्नलच्या स्टॅकचा इतिहास

तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर टर्मिनल उघडा आणि 'युलिमिट -एस' ही आज्ञा देऊन बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं ८१९२. हे किलोबाइट आहेत, म्हणजे ८ मेगाबाइट. तुम्ही लिहिलेल्या साध्यासुध्या प्रोग्रॅमला स्टॅक म्हणून जास्तीत जास्त एवढी जागा मिळते. आता गंमत बघा. तोच प्रोग्रॅम एखादी फाइल वाचायला जातो, काम कर्नलच्या हातात जातं, आणि तिथे कर्नलच्या कोडला मिळणारा स्टॅक कितीतरी वर्षं होता फक्त ८ किलोबाइट. हजारपटीने कमी! मधल्या काळात तर तो ४ किलोबाइटवर आणायचाही प्रयत्न झाला.

माझ्या पीएचडीचा विषय याच्या अगदी शेजारचा आहे: कर्नलमधला कोड जास्तीत जास्त किती स्टॅक खाऊ शकतो, हे तो चालवण्याआधीच सांगता येईल का? हे काय काम आहे, असं बरेच जण विचारतात. "मेमरी एवढी स्वस्त झालीय, स्टॅक मोठा करा की!" असंही म्हणतात. त्याचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून आज थोडा इतिहास.

स्टॅक म्हणजे काय, आणि कर्नलचा स्टॅक वाढत का नाही?

जुन्या घरांमध्ये मडक्यांची उतरंड असायची. एकावर एक मडकी रचलेली; शेवटी ठेवलेलं आधी काढायचं. प्रोग्रॅममधलं एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा असंच होतं. बोलावलेल्या फंक्शनची लोकल व्हेरिएबल्स आणि 'काम झाल्यावर परत कुठे जायचं' तो पत्ता असं एक मडकं उतरंडीवर चढतं. काम संपलं की ते निघतं. या एका मडक्याला आपण फ्रेम म्हणतो.

साध्या प्रोग्रॅमचा स्टॅक गरजेप्रमाणे वाढतो. जागा संपली की सीपीयू कर्नलला हाक मारतो आणि कर्नल मेमरीचं नवं पान जोडून देतो. पण खुद्द कर्नलचाच स्टॅक संपला तर? ती हाक हाताळायलाही स्टॅक लागतो, आणि तोच तर संपलाय. म्हणून कर्नलचा स्टॅक ठराविक मापाचा असतो आणि प्रत्येक थ्रेडला तो वेगळा द्यावा लागतो. तुमच्या मशीनवर १०,००० थ्रेड असतील तर ८ किलोबाइटच्या हिशेबाने ८० मेगाबाइट नुसत्या स्टॅकमध्ये अडकले. ते थ्रेड झोपलेले असले तरी.

बरं, स्टॅक भरून वाहिला तर काय होतं? पूर्वी काहीच होत नसे, आणि खरा धोका तोच होता. कर्नलमध्ये कोणी थांबवणारं नसे. स्टॅकच्या पलीकडे जे काही असेल त्यावर मुकाट्याने लिहिलं जायचं. मशीन लगेच बंद पडलं तर नशीब. नाहीतर दहा मिनिटांनी, भलत्याच ठिकाणी, भलत्याच कारणाने पडल्यासारखं दिसायचं.

एका पानात संसार

१९९१ साली लायनस टॉर्वाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात प्रोसेसची सगळी माहिती आणि तिचा कर्नल स्टॅक ही दोन्ही बिऱ्हाडं ४,०९६ बाइटच्या एकाच पानात राहत होती. खालून माहिती, वरून खाली वाढणारा स्टॅक, मध्ये भिंत नाही. पुढे २.२ आणि २.४ या मालिकांमध्ये पानं दोन झाली, म्हणजे ८ किलोबाइट, पण बिऱ्हाडं एकत्रच राहिली. २.६ मालिकेत मोठी माहिती बाहेर काढली आणि स्टॅकच्या तळाशी 'थ्रेड इन्फो' नावाची पन्नासेक बाइटची छोटी नोंद तेवढी ठेवली. ही छोटी नोंद लक्षात ठेवा. तिची पुढे मोठी भूमिका आहे.

जागा अशी मोजकी असली की पहिलं लक्ष जातं उधळ्या माणसावर. कोणीतरी फंक्शनमध्ये सहज म्हणून १,०२४ बाइटचा बफर जाहीर करतो. आठवा हिस्सा गेला! अशी फंक्शन शोधायला कर्नलच्या सोर्समध्येच 'चेकस्टॅक' नावाची पर्ल स्क्रिप्ट आली. तिची युक्ती साधी आहे. तयार झालेला मशीन कोड उलगडायचा, प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला स्टॅक पॉइंटरमधून किती वजा केलंय ते बघायचं आणि मोठ्यापासून लहानापर्यंत यादी लावायची. २००८ च्या सुमारास हेच काम कंपायलरकडे गेलं. फ्रेम ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी झाली की इशारा. ही मर्यादा ३२ बिटसाठी १,०२४ आणि ६४ बिटसाठी २,०४८ बाइट अशी मूळ ठेवणीत असते.

इलाजही ठरलेले. मोठा बफर स्टॅकवर न ठेवता 'केमॅलॉक'ने वेगळा मागून घ्यायचा आणि काम झालं की परत करायचा. म्हणजे मागणी फेटाळली गेली तर काय, हे लिहावं लागतं आणि परत करायला विसरलात तर गळती. बचतीची किंमत अशी वेगळ्या खात्यातून जाते.

कधीकधी दोष लिहिणाऱ्याचा नसायचाच. समजा एका फंक्शनमध्ये दहा पर्याय आहेत आणि प्रत्येक पर्यायासाठी एक छोटं फंक्शन. एका वेळी एकच पर्याय चालणार. पण कंपायलर हुशारी करून ही दहाही फंक्शन मोठ्या फंक्शनच्या पोटात घालतो, आणि जुने जीसीसी या दहांच्या व्हेरिएबल्सना एकच जागा आलटूनपालटून न वापरता दहा वेगवेगळ्या जागा देऊन मोकळे व्हायचे. घरात जेवणारा एकच, ताटं मात्र दहा मांडलेली! म्हणून कर्नलमध्ये 'नोइनलाइन फॉर स्टॅक' अशी खूण आहे. अर्थ: बाबा रे, हे फंक्शन पोटात घालू नकोस, कारण स्टॅक वाचवायचाय. नुसतं 'नोइनलाइन' लिहूनही तेच झालं असतं. लांब नाव आहे ते पुढच्या माणसाला कारण कळावं म्हणून.

४ किलोबाइटचा प्रयोग

२००४ च्या मे महिन्यात आलेल्या २.६.६ आवृत्तीत ३२ बिट एक्स८६ साठी ४ किलोबाइटच्या स्टॅकचा पर्याय आला. हे कंजूषपणासाठी नव्हतं. ८ किलोबाइटसाठी भौतिक मेमरीत एकमेकांना चिकटून असलेली दोन पानं लागतात. मशीन बरेच दिवस चालू राहिलं की मेमरीचे तुकडे पडतात. एकेकटी पानं भरपूर मोकळी, पण जोडी मिळत नाही. मग मेमरी असूनही नवी प्रोसेस सुरू होत नाही. एसटीत दहा सीटं रिकामी असून नवराबायकोला शेजारी बसता येऊ नये, तसं. त्यात ३२ बिटमध्ये कर्नलला थेट हाताळता येणारी मेमरी साधारण ८९६ मेगाबाइटच असायची, आणि हजारो थ्रेड चालवणारे जावा सर्व्हर तेव्हा जोरात होते.

समर्थकांचा मुद्दा बिनतोड वाटत होता. पूर्वी ८ किलोबाइटमध्ये इंटरप्टही त्याच स्टॅकवर यायचे. आता इंटरप्टना प्रत्येक सीपीयूमागे स्वतंत्र स्टॅक दिला. म्हणजे भाडेकरू बाहेर काढला आणि मग घर लहान केलं. राहणाऱ्याला जागा तेवढीच. त्याच महिन्यात आलेल्या फेडोरा कोअर २ ने ४ किलोबाइटचे स्टॅक थेट लोकांच्या मशीनवर नेले.

आणि मोडतोड सुरू झाली. एनडीआयएस-रॅपर नावाचा प्रकल्प विंडोजचे वायफाय ड्रायव्हर लिनक्सवर चालवायचा. ३२ बिट विंडोजच्या कर्नल स्टॅकचं माप १२ किलोबाइट, म्हणजे ते ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी १२ गृहीत धरलेले. ते ४ मध्ये कसे मावणार? पण हे बाहेरचे पाहुणे म्हणून सोडून देता आलं असतं. खरी अडचण घरातच होती. नेटवर्कवरून एनएफएसची विनंती आली, ती एक्सएफएस या फाइल सिस्टिमकडे गेली, तिथून एलव्हीएम, तिथून सॉफ्टवेअर रेड, मग डिस्कचा ड्रायव्हर. यात वेडंवाकडं काहीच नाही. कित्येक ऑफिसांचे फाइल सर्व्हर असेच असायचे. प्रत्येक थर शहाण्यासारखा वागत होता. बेरीज मात्र ४,०९६ च्या पुढे जात होती.

मला या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच वाटते. एका फंक्शनचा वापर कोणाचा तरी असतो. त्याच्यावर बोट ठेवता येतं. बेरीज कोणाचीच नसते. एक्सएफएस लिहिणाऱ्याला वर एनएफएस आहे का माहीत नाही, खाली किती थर आहेत तेही माहीत नाही. ती उतरंड रचणारा असतो सर्व्हर लावणारा सिस्टिम ॲडमिन, आणि त्याला स्टॅक नावाची गोष्टच दिसत नाही. चेकस्टॅकची यादी स्वच्छ असूनही मशीन कोसळू शकतं.

२०१० मध्ये इंटरप्टचे वेगळे स्टॅक सगळ्यांसाठी कायम झाले आणि ४ किलोबाइटचा पर्याय काढून टाकला गेला. प्रयोग फसला, पण जाताना त्यातली चांगली कल्पना ठेवून गेला.

मडकी लहान नाही, उतरंडच बुटकी

या काळात बचतीचा अर्थ बदलला. लोकांनी फ्रेम कापण्याऐवजी खोली कापायला घेतली.

२००७ मध्ये, २.६.२२ या आवृत्तीत, नील ब्राउन यांचा एक सुंदर बदल आला. रेड किंवा एलव्हीएमसारख्या थरांमध्ये प्रत्येक थर खालच्या थराला विनंती देताना तेच फंक्शन पुन्हा बोलावायचा. थर जितके, उतरंड तितकी उंच. ब्राउन यांनी काय केलं, तर आतल्या थराने तेच फंक्शन पुन्हा बोलावलं की विनंती लगेच पुढे न पाठवता त्या थ्रेडच्या एका यादीत टाकायची आणि परतायचं. बाहेरचा लूप यादीतून एकेक उचलतो. कितीही थर असोत, स्टॅक जवळपास तेवढाच.

फाइलच्या मार्गांमध्येही असंच. एका सिमलिंकच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी असं असलं की कर्नल ती रिकर्शनने सोडवायचा आणि स्टॅक जपायचा म्हणून एकात एक ८ च्या पुढे परवानगीच नव्हती. २०१५ च्या ४.२ आवृत्तीत अल् विरो यांनी हे सगळं लूपमध्ये बदललं आणि मग फक्त एकूण ४० सिमलिंकची मर्यादा उरली. स्टॅकमधली टंचाई साध्या वापरकर्त्याला नियम म्हणून भेटते, त्याचं हे उदाहरण.

सगळ्यात छळवादी प्रकार मात्र मेमरी टंचाईचा. तुम्ही उतरंडीच्या टोकावर आहात आणि थोडी मेमरी मागता. मोकळी नाही. मग कर्नल म्हणतो, थांब, जुनी पानं डिस्कवर लिहून जागा करतो. हे लिहिणं तुमच्याच स्टॅकवर! म्हणजे भरलेल्या उतरंडीवर फाइल सिस्टिमपासून डिस्क ड्रायव्हरपर्यंतची अख्खी दुसरी उतरंड. यावर उपाय म्हणून २०११ च्या अखेरीस मेल गोर्मन यांच्या बदलांनी मेमरी मागणाऱ्या थ्रेडने फाइलची पानं स्वतः लिहिणं बंद केलं. ते काम वेगळ्या थ्रेडकडे गेलं. २०१२ मध्ये एक्सएफएसने डिस्कवर जागा वाटपाचं काम वेगळ्या वर्करकडे सोपवलं, कारण वर्करला कोरा करकरीत स्टॅक मिळतो. त्यात थ्रेड बदलायचा खर्च आहे, पण जागेसाठी वेळ मोजायची तयारी होती.

२०१४: शेवटी १६

तरी पुरेना. ६४ बिटमध्ये प्रत्येक पत्ता ४ ऐवजी ८ बाइटचा, म्हणजे फ्रेम आपोआप फुगलेल्या, आणि स्टॅक मात्र तोच ८ किलोबाइटचा. २०१४ च्या मे महिन्यात मिनचान किम यांनी मेमरीचा जोरदार ताण देऊन केव्हीएमवर चालणारं मशीन तपासलं तेव्हा ते अधूनमधून कोसळत होतं. त्यांनी स्टॅकचा माग काढून यादी दिली: ५१ नोंदी, खोली ७,६९६ बाइट. भागाकार करून बघा. सरासरी जेमतेम १५०. यात उधळा कोण? कोणीच नाही!

त्यांचा पॅच एवढाच होता की ६४ बिट एक्स८६ वर स्टॅक १६ किलोबाइट करा. एक्सएफएसचे डेव्ह चिनर तर कित्येक वर्षं सांगत होते की ८ मध्ये भागत नाही. टॉर्वाल्ड्स यांचा कल कोड आटोपशीर ठेवण्याकडे होता. तरीही हा बदल ३.१५ या आवृत्तीत, ती बाहेर पडायच्या अगदी तोंडावर, घेतला गेला.

मग प्रश्न सुटला का? माझ्या मते, नाही. १६ किलोबाइट म्हणजे आता चिकटून असलेली चार पानं हवीत. आणि ओव्हरफ्लो कमी वेळा होईल एवढंच. झाला तर तितकाच मुका.

मुका अपघात बोलका झाला

मुकेपणा किती महाग पडतो ते २०१६ मध्ये दिसलं. गुगलच्या प्रोजेक्ट झीरोमधले यान हॉर्न यांनी दाखवलं की ईक्रिप्टएफएस ही फाइल सिस्टिम आणि मेमरीवर जोडलेल्या फाइल्स वापरून कर्नलला हवं तितकं खोल रिकर्शन करायला लावता येतं. स्टॅक भरून वाहतो आणि त्यातून साधा वापरकर्ता रूट होऊ शकतो. सीव्हीई-२०१६-१५८३ ही ती नोंद. इथे ती तळाची छोटी नोंद आठवा. थ्रेड इन्फोमध्ये तेव्हा 'वापरकर्त्याची मेमरी कुठे संपते आणि कर्नलची कुठे सुरू होते' ही सीमाही लिहिलेली असायची. उतरंड कोसळून तिच्यावर पडली तर ती सीमा हवी तशी बदलता येते. पन्नासेक बाइटची सोय अख्ख्या मशीनची किल्ली झाली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ४.९ आवृत्ती आली आणि तिच्यात अँडी लुटोमिर्स्की यांचं काम होतं. स्टॅक आता आभासी पत्त्यांवर बसवला. पानं भौतिक मेमरीत विखुरलेली चालतात, त्यामुळे जोडीचा जुना प्रश्न गेला. आणि स्टॅकच्या टोकाला एक रिकामं, कशालाच न जोडलेलं पान: पहारेकरी. त्यावर पाय पडला की सीपीयू तिथल्या तिथे अडवतो, वेगळ्या राखीव स्टॅकवर जातो आणि कोणत्या फंक्शनमध्ये काय झालं ते छापतो. थ्रेड इन्फोही स्टॅकवरून हलवलं.

याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. बऱ्याच ड्रायव्हरांनी, विशेषतः यूएसबीच्या, स्टॅकवरचा बफर थेट हार्डवेअरला दिलेला होता. हे नियमाविरुद्ध होतं, पण चालून जायचं. हार्डवेअरला भौतिक पत्ते लागतात. पानं विखुरल्यावर ते मोडलं आणि एकेक ड्रायव्हर दुरुस्त करत बसावं लागलं.

२०१८ मध्ये आणखी एक दार बंद झालं. सी भाषेत ॲरेचा आकार चालताना ठरवता येतो. अशा फंक्शनची फ्रेम किती, याला ठरलेलं उत्तरच नाही. मार्चमध्ये टॉर्वाल्ड्स यांनी हे कर्नलमधून हद्दपार करायचं ठरवलं, केस कुक यांनी मोहीम चालवली, शंभराहून जास्त जागा एकेक करून बदलल्या आणि डिसेंबरच्या ४.२० आवृत्तीपासून असा ॲरे लिहिला की कंपायलर ओरडतो.

मग आता उरलं काय?

तुम्हाला वाटेल, प्रत्येक फ्रेमचं माप आता ठाऊक आहे, मग कोण कोणाला बोलावतं याचा नकाशा काढून सर्वात लांब वाट मोजली की झालं. छोट्या मायक्रोकंट्रोलरसाठी हे जमतंही. जॉन रेगर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एव्हीआर चिपवरच्या प्रोग्रॅमसाठी, इंटरप्ट धरून, असा हिशेब करून दाखवला होता. पण लिनक्समध्ये फाइल सिस्टिम, ड्रायव्हर, नेटवर्क सगळे फंक्शन पॉइंटरमधून बोलावले जातात. 'वाच' म्हटल्यावर नक्की कोण वाचणार हे चालतानाच ठरतं. सगळ्या शक्यता धरल्या तर नकाशात अशा वाटा निघतात ज्या प्रत्यक्षात कधीच होणार नाहीत, आणि उत्तर येतं अवाच्या सवा. न होणाऱ्या वाटा कमी कशा करायच्या, तेही होणारी एकही न गमावता, हे सध्याचं माझं काम.

"स्टॅक मोठा करा की" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर असं: केलाच, आणि करायला हवाच होता. पण या इतिहासात तीन वेगवेगळी कामं झाली आहेत. उधळपट्टी थांबवणं, खोली कमी करणं आणि अपघात झाल्यास तो लगेच कळणं. माप वाढवणं यांपैकी एकाचीही जागा घेत नाही. ते फक्त मुदत वाढवून देतं. कर्नलमध्ये दर आवृत्तीला नवे थर येतात आणि प्रत्येक थर म्हणतो, माझे फक्त दीडशे बाइट. ती बेरीज कोणीतरी मोजत राहायला हवी.